160 पौंडांची जोड : वेगवेगळ्या काळातले मिडलवेट एका तक्त्यात बसवण्याच्या नोंदी

8 जून 2025

संध्याकाळच्या बॉक्सिंगच्या बॅचला दोन पोरांची जुंपली. दोरीच्या उड्या सोडून भांडत होती. एकाचं म्हणणं मार्विन हॅगलर भारी, दुसऱ्याचं गेनाडी गोलोव्किन. शेवटी दोघं माझ्याकडे आली. ‘सर, तुम्हीच सांगा.’ मी क्षणाचाही विचार न करता हॅगलर म्हणालो. त्यावर धाकट्याने विचारलं, ‘कशावरून?’ आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं की मी त्याच्या कॅसेट बघत मोठा झालो. शिकवणाऱ्या माणसाला हे उत्तर चालणार नाही.

म्हणून हे काम हाती घेतलं. दिवसा मी हिशेबाचं काम करतो, तक्ते भरायची सवय आहे. वेळ रात्री नऊनंतरचा आणि रविवारचा. दुसऱ्या कुणाला दुसऱ्या वजनगटात हेच करायचं असेल तर त्याचे काही आठवडे वाचावेत, म्हणून चुका जशा झाल्या तशा लिहून ठेवतोय.

वजनगट मिडलवेट, म्हणजे 160 पौंड, 72.57 किलो. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, तिथे 1920 चा माणूस आणि आजचा माणूस यांच्यात वीस-तीस किलोंचा फरक पडतो. मिडलवेटची रेघ मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ हललेली नाही. म्हणजे वजनाचा प्रश्न आधीच सुटलेला आहे, असं धरून चाललो. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ती कळायला सात आठवडे लागले.

माणसं सहा घेतली, जुन्यापासून नव्यापर्यंत : हॅरी ग्रेब, शुगर रे रॉबिन्सन, कार्लोस मोन्झॉन, हॅगलर, बर्नार्ड हॉपकिन्स, गोलोव्किन.

14 जून

पहिला तक्ता नुसत्या कारकिर्दीच्या आकड्यांवर केला. जिंकलेल्या लढती, नॉकआउट, किताब किती वेळा राखला. दोन तासांत झाला आणि तितक्याच वेळात निकामी ठरला.

‘किताब राखला’ या रकान्यात हॉपकिन्स 20, गोलोव्किन 20, मोन्झॉन 14, हॅगलर 12. रॉबिन्सन तळाला. कारण तो किताब राखत बसला नाही, गमावून परत मिळवत राहिला. 1951 ते 1958 या काळात पाच वेळा मिडलवेटचा विजेता झाला. फेब्रुवारी 1951 मध्ये शिकागोत जेक लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून किताब घेतला, जुलैत लंडनला रँडी टर्पिनकडे गमावला, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला परत घेतला. पुढे बोबो ओल्सन, जीन फुलमर, कार्मेन बॅसिलिओ यांच्याकडूनही घेतला. हे सगळं एका आकड्यात बसवायला गेलं की तो सहावा येतो. सहावा तो नक्कीच नाही.

दुसरं म्हणजे, किताब एकच असण्याचा काळ वेगळा आणि संघटनांचे तीन-चार पट्टे फिरण्याचा काळ वेगळा. मोन्झॉनचासुद्धा एक पट्टा 1974 मध्ये संघटनेने काढून घेतला. तो रॉड्रिगो वाल्डेझकडे गेला आणि मोन्झॉनने जून 1976 मध्ये मोंटे कार्लोला वाल्डेझलाच हरवून परत आणला. राखण्याचे आकडे एकाखाली एक लिहून बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही. रकाना उडवला.

21 जून

पालख्या मुक्कामाला, रस्ते बंद, त्यामुळे दिवसभर घरी. बुद्धिबळात वापरतात तसलं गुणांकन लावून बघितलं : तगड्याला हरवलं की जास्त गुण, कच्च्याला हरवलं की कमी. सूत्र चालतं, पण दोन काळांमध्ये पूल लागतो. हॅगलर आणि हॉपकिन्सला जोडणारे सामाईक प्रतिस्पर्धी मूठभर. रॉबिन्सन आणि गोलोव्किनला जोडणारी साखळी इतकी लांब की मधली एक कडी बदलली तरी सगळा क्रम उलटतो. एका लढतीचा निकाल मुद्दाम फिरवून पाहिला, तर दोन जणांच्या जागाच बदलल्या. सोडून दिलं. तीन रविवार यातच घातले असते, एकावर थांबलो.

आता सरळ लढती बघायच्या आणि ठोसे मोजायचे.

25 जून

खर्च : हातात धरून दाबायचे चार टॅली काउंटर, प्रत्येकी 140 रुपये. जुन्या लढतींच्या सेकंडहँड डीव्हीडींचा एक गठ्ठा, 1,900 रुपये. त्यातल्या दोन डिस्क चालल्याच नाहीत आणि एका डिस्कवर लढतीऐवजी नुसती क्षणचित्रं निघाली. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत सलग आहे का? मी विचारला नव्हता.

मोजणीची पहिली पद्धत : डाव्या हातात एकाचा काउंटर, उजव्या हातात दुसऱ्याचा. तीन मिनिटांत डोळे थकले. जवळून मारामारी सुरू झाली की कुठला हात कुणाचा तेच कळेना. निम्म्या वेगाने लावलं तरी तीच गत.

1 जुलै

मामेभावाला बसवलं. तो कधी रिंगमध्ये उतरलेला नाही, पण नजर शांत आहे. आमच्याच क्लबमधल्या एका सरावाच्या लढतीचं चित्रण घेतलं आणि एकाच पोराचे लागलेले ठोसे दोघांनी वेगवेगळे मोजले. मी 31, तो 19. एकच फेरी, एकच पोरगा.

तासभर एकेक ठोसा पुढे-मागे करून पाहिला. चूक माझी निघाली. हात लांबला की तो लागलाच, असं माझं मन धरून चालत होतं. गार्डवर, म्हणजे बचावाला वर धरलेल्या हातांवर आदळलेले, खांद्यावरून घसरलेले, सगळे मी जमेला धरले होते. रिंगमध्ये वाढलेल्या माणसाची नजर ठोसा पुरा करून टाकते.

नियम ठरवून भिंतीवर चिकटवले. ग्लोव्हचा बोटांच्या पेरांकडचा भाग चेहऱ्याला किंवा पट्ट्याच्या वर अंगाला टेकला आणि मध्ये समोरच्याचा हात नाही, तरच ‘लागला’. हातावर, ग्लोव्हवर आदळला तर ‘अडला’. कॅमेऱ्याकडे पाठ असल्यामुळे शेवट दिसला नाही तर ‘दिसला नाही’. हा तिसरा रकाना फार महत्त्वाचा. जुन्या लढती एका कॅमेऱ्यावरच्या आहेत. न दिसलेले ठोसे ‘चुकला’मध्ये टाकले की जुन्या बॉक्सरांचा नेम उगाच वाईट दिसतो. मी पहिल्या चार लढतींत तेच करून बसलो होतो. त्या पुन्हा मोजाव्या लागल्या.

आणखी एक : एका माणसाने एकाच बॉक्सरकडे बघायचं. अमेरिकेत 1985 पासून कॉम्प्युबॉक्स नावाने जी मोजणी चालते, तीही अशीच दोन माणसं बसवून करतात. मला हे आधी सुचायला हवं होतं.

हिशेब असा : एका फेरीसाठी चार वेळा बघायचं, निम्म्या वेगाने. म्हणजे तीन मिनिटांच्या फेरीला 24 मिनिटं, 15 फेऱ्यांच्या लढतीला सहा तास. हे आधीच माहीत असतं तर प्रत्येकाच्या दहा लढती घ्यायचं ठरवलं नसतं. चारवर आणलं.

6 जुलै

मूकपटांनी आज फसवलं. तक्त्यात नसलेला, पण सरावाला बरा म्हणून स्टॅन्ली केचेल घेतला. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात कोल्मा इथे हा मिडलवेटचा विजेता थेट हेवीवेटच्या जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला होता. बाराव्या फेरीत केचेलने जॉन्सनला पाडलं. जॉन्सन उठला आणि पुढच्याच क्षणी केचेल आडवा. चित्रपट्टी उपलब्ध आहे.

मोजले, तर केचेलच्या मिनिटामागच्या ठोशांचा वेग अचाट आला. मी खूश होऊन तक्त्यात भरलासुद्धा. झोपताना लक्षात आलं की रेफरीसुद्धा तुरुतुरु चालत होता.

त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत. सेकंदाला सोळा-अठरा चित्रं घेतलेली पट्टी चोवीसच्या वेगाने दाखवली की दोन मिनिटांत तीन मिनिटांचा मजकूर उरकतो. सगळेच बिजलीसारखे दिसतात. उपाय सोपा आहे : फेरी मोजा. मूकपटात घंटा ऐकू येत नाही, म्हणून स्टुलावरून उठल्यापासून परत बसेपर्यंत घड्याळ लावा. 180 सेकंद यायला हवेत. 120 आले तर वेग दोन तृतीयांशावर आणा.

पण फेरी कमी भरण्याचं दुसरं कारण म्हणजे मधले तुकडे कापलेले असणं. ते ओळखायला मी दोऱ्यांपलीकडची माणसं बघतो. एका चित्रात टोपी डोक्यावर, पुढच्यात हातात आणि मधली हालचाल नाही, म्हणजे कात्री लागलीय. अशा फेरीचा मिनिटामागचा आकडा काढायचाच नाही, नुसतं तंत्र बघायचं.

तेव्हापासून काळ कुठलाही असो, प्रत्येक चित्रणाची फेरी आधी घड्याळावर तपासतो.

13 जुलै

हॅगलर विरुद्ध शुगर रे लेनर्ड, 6 एप्रिल 1987, लास व्हेगास. ही लढत मी आयुष्यात कितीदा पाहिली असेल. दर वेळी हॅगलरच्या बाजूने. आज आवाज बंद करून पाहिली.

कॉम्प्युबॉक्सचे आकडे : लेनर्ड 629 टाकले, 306 लागले, हॅगलर 792 टाकले, 291 लागले. आमचे टाकलेले आकडे याच्या जवळ आले. लागलेल्यांत आम्ही कंजूष निघालो, कारण आमचा नियम कडक आहे. फरक दोघांच्याही बाबतीत सारखाच पडला, तेव्हा पद्धतीवर भरवसा बसला.

आवाज बंद केल्यावर दिसलं ते मनाला लागलं. पहिल्या फेऱ्यांत हॅगलर त्याची डावखुरी उभं राहण्याची पद्धत सोडून उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा आहे. त्या फेऱ्या त्याने अक्षरशः देऊन टाकल्या. लढत लेनर्डला दिली म्हणून इतकी वर्षं मी जजना दोष देत आलो. एका जजने लेनर्डला 118-110 दिले ते आजही मला पटत नाहीत, पण बाकी दोघांचे 115-113, एक इकडे एक तिकडे, हे लढतीला धरून आहेत.

ज्याच्यावर जीव आहे त्याची लढत आवाज बंद करून मोजा आणि शक्यतो दुसऱ्याला मोजू द्या. हॅगलरच्या उरलेल्या तीन लढती मी मामेभावाकडे दिल्या.

19 जुलै

गुणांची भानगड. आज दहा गुणांची पद्धत सगळीकडे आहे : फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. रॉबिन्सनच्या काळात न्यूयॉर्कमध्ये फेऱ्या मोजत : याच्या इतक्या, त्याच्या इतक्या, बरोबरीच्या इतक्या. रेफरीचंही मत धरत. सप्टेंबर 1957 ला बॅसिलिओने रॉबिन्सनला हरवलं तेव्हा रेफरीने रॉबिन्सनला जिंकवलं होतं, दोन्ही जजनी बॅसिलिओला. लंडनला टर्पिनच्या लढतीत तर एकट्या रेफरीचा निर्णय.

जुन्या निकालांचं दहा गुणांत रूपांतर करायला गेलो आणि दोन रात्री गेल्या. पाडलेल्या फेरीचे जादा गुण जुन्या मोजणीत दिसतच नाहीत. शेवटी जुने निकाल बाजूला ठेवले आणि सगळ्या लढतींना स्वतः दहा गुणांनी गुण दिले. इतक्या फेऱ्या बघायच्या असतील तर वही नाही, तक्ताच ठेवा. माझी एक वही पावसात भिजली आणि मोन्झॉन-ब्रिस्कोच्या सहा फेऱ्या वाहून गेल्या.

त्या परत बघताना नववी फेरी पुन्हा दिसली. ब्वेनोस आयर्स, नोव्हेंबर 1972. बेनी ब्रिस्कोच्या उजव्या हाताने मोन्झॉन हादरतो. पाय गेलेले आहेत. पण तो लांब हात पुढे टाकून ब्रिस्कोच्या दंडांना मिठी घालतो, दोरीच्या कडेने सरकतो आणि फेरी संपवतो. ठोसे मोजणाऱ्या तक्त्यात या फेरीला मोन्झॉनच्या नावापुढे जवळजवळ काहीच नाही. लढत वाचली ती इथेच. ‘हादरल्यावर काय केलं’ असा शब्दांत भरायचा रकाना वाढवला. माझ्या दृष्टीने तक्त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना हाच.

27 जुलै

आज सगळं पाडून परत उभारावं लागलं.

गोलोव्किन विरुद्ध डॅनियल जेकब्स, मार्च 2017. तयारी म्हणून वजनाची माहिती वाचत होतो. आयबीएफ या संघटनेचा तेव्हाचा नियम असा की आदल्या दिवशी 160 भरायचंच, शिवाय लढतीच्या दिवशी सकाळी परत काट्यावर उभं राहायचं आणि तेव्हा 170 च्या आत असायचं. गोलोव्किन उभा राहिला. जेकब्स आलाच नाही आणि त्या पट्ट्यावरचा हक्क त्याने सोडला. म्हणजे एका रात्रीत दहा पौंड वाढणं हे नियमातच गृहीत धरलंय आणि तेही एखाद्याला अपुरं पडतं.

आमच्या पोरांना मी स्पर्धेच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्येही आधी तसंच होतं. सकाळी वजन, रात्री लढत. वजन आदल्या दिवशी घ्यायची प्रथा 1980 च्या दशकात रुळली. तोवर 160 म्हणजे रिंगमध्येही साधारण 160. त्यानंतर 160 म्हणजे काट्यापुरते 160.

मग रॉबिन्सनची वजनं काढली. लामोटासमोर फेब्रुवारी 1951 ला तो 155½ पौंडांचा होता, लामोटा 160. त्याआधी फेब्रुवारी 1943 ला डेट्रॉइटमध्ये लामोटाने त्याला कारकिर्दीतला पहिला पराभव दाखवला, तेव्हा दोघांत 16 पौंडांचा फरक होता.

म्हणजे ‘वजनगट तोच’ हे पहिल्याच पानावरचं गृहीतक चूक. रेघ तीच आहे, रेघेखालची माणसं वेगळी. आजच्या नियमाने रॉबिन्सन मिडलवेट ठरेल की 154 पौंडांच्या गटातला, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते 154 चा, आणि काही वर्षं 147 चा.

तक्ता दोन केला : ‘सकाळचं वजन, 15 फेऱ्या’ आणि ‘आदल्या दिवशीचं वजन, 12 फेऱ्या’. प्रत्येक जोड दोन्हीकडे लावायची. 12 फेऱ्यांचं कारण ठाऊक असायला हवं. नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा डुक कू किम गेला. त्यानंतर संघटनांनी एकेक करत 15 च्या 12 केल्या. माझ्यासमोर पोरं उभी असतात, मला 15 परत यायला नकोत. पण जुन्या माणसांची जोड लावताना शेवटच्या तीन फेऱ्या पुसून टाकता येत नाहीत. ती माणसं त्यासाठीच घडलेली होती.

2 ऑगस्ट

नवा रकाना : ‘खालून आलेला’. समोरचा मूळचा मिडलवेट की 147-154 मधून चढून आलेला?

भरत गेलो तसा थक्क झालो. मोन्झॉनचे गाजलेले विजय : एमिल ग्रिफिथ दोनदा, होसे नापोलेस एकदा. दोघंही वेल्टरवेटचे, म्हणजे 147 पौंडांचे विजेते. हॅगलर : रॉबर्टो दुरान, टॉमी हर्न्स. दुरान तर 135 चा विजेता होता. हॉपकिन्स : सप्टेंबर 2001 ला फेलिक्स ट्रिनिडाड, 2004 ला ऑस्कर डी ला होया. दोघंही खालून आलेले. गोलोव्किन : 2016 ला केल ब्रूक, वेल्टरवेट. म्हणजे पोस्टरवरच्या निम्म्या लढतींत मोठा माणूस धाकट्याला हरवतोय.

यात त्यांचा दोष नाही. पैसा तिकडे होता आणि समोर जो उभा राहिला त्याला त्यांनी हरवलं. हर्न्स तर साडेसहा फुटांच्या पल्ल्याचा, त्याला कुणी लहान म्हणू नये. एप्रिल 1985 च्या त्या तीन फेऱ्यांत कपाळ फुटलेलं, रेफरीने डॉक्टर बोलावलेला, आणि त्यानंतर हॅगलर ज्या तऱ्हेने लढत संपवतो, त्याला मी पूर्ण गुण देतो. पण त्या विजयांशेजारी मिंटर, वाल्डेझ, ब्रिस्को, जेकब्स असे मूळ मिडलवेट ठेवले की चित्र बदलतं. मोन्झॉन वर जातो. वाल्डेझशी दोन वेळा 15-15 फेऱ्या, दुसऱ्या वेळी, 1977 ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी दुसऱ्या फेरीत खाली पडून उठलेला आणि जिंकलेला. मी त्याला आधी चौथा धरला होता. माणूस म्हणून त्याच्या हातून पत्नीचा खून झाला, तुरुंगात गेला. पोरांना त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दाखवताना मी हेही सांगतो.

रॉबिन्सनचा रकाना सगळ्यांच्या उलट निघाला. लामोटा, टर्पिन, ओल्सन, ग्राझियानो, फुलमर सगळे मूळचे मिडलवेट. खालून आलेला होता तो स्वतः. अपवाद बॅसिलिओ, तो वेल्टरवेटचा विजेता असताना वर आला. त्या जोडीत रॉबिन्सन एकदा हरला आणि मार्च 1958 ला जिंकला.

9 ऑगस्ट

रॉबिन्सन-फुलमर, दुसरी लढत, 1 मे 1957, शिकागो. रॉबिन्सनला 36 पूर्ण व्हायला दोन दिवस. पाचवी फेरी एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. यूट्यूबवर चित्रण थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक चित्र मागे-पुढे जातं.

फुलमर पुढे चाल करून येतोय, त्याची नेहमीची रीत. रॉबिन्सन मागे सरकतोय. उजवा हात बरगडीत मारतो. फुलमरचं लक्ष खाली जातं आणि उजवा ग्लोव्ह गालापासून सुटतो. इतकी फट. रॉबिन्सनची टाच अजून मागे जातेच आहे, वजन मागच्या पायावर आहे, आणि त्याच अवस्थेत डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, येतो. मागे जाता जाता मारलेला हूक नेहमी पोकळ असतो, मी पोरांना रोज ओरडून सांगतो. हा पोकळ नाही, कारण पाय मागे जात असले तरी कंबर आधीच वळून परत येतेय. फुलमरला त्याआधी कुणी नॉकआउट केलं नव्हतं. तो उठायची धडपड करतो, दहा मोजून होतात.

ही फेरी मी पोरांना आठवडाभर दाखवली. कंबरेकडे बघा, हाताकडे नाही. एकाला जमलं, अर्धवट.

16 ऑगस्ट

ग्रेबला तक्त्यातून काढून वेगळ्या पानावर घेतलं. पिट्सबर्गच्या या माणसाच्या सुमारे 300 लढती, पण लढतीचं एकही चित्रण हाती नाही. सराव करतानाचे तुकडे तेवढे आहेत. त्यावर ठोसे मोजणं म्हणजे शंकराच्या देवळाबाहेरून नंदीचे दात मोजणं. शिवाय त्या काळी बऱ्याच ठिकाणी निकाल द्यायलाच कायद्याने बंदी होती, वर्तमानपत्रवाले दुसऱ्या दिवशी कोण जिंकलं ते छापत. हे निकाल वगळले की त्याची निम्मी कारकीर्द नाहीशी होते. मी 14 जूनच्या तक्त्यात वगळले होते.

जे पक्कं आहे ते एवढं : मे 1922 मध्ये त्याने आपल्यापेक्षा सुमारे 12 पौंड जड असलेल्या जीन टनीला 15 फेऱ्या कुटलं. पुढे हेवीवेटचा विजेता झालेल्या टनीचा आयुष्यातला एकमेव पराभव. ग्रेबची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. 1926 मध्ये 32 व्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर वारला. त्याची जोड मी कुणाशीच लावणार नाही, पण त्याचं पान पहिलं ठेवलंय.

23 ऑगस्ट

आणखी एक रकाना, ‘मागच्या लढतीला किती दिवस झाले’. टर्पिनने रॉबिन्सनला हरवलं ती तारीख 10 जुलै 1951. त्याआधीचे सात आठवडे : पॅरिस, झुरिच, अँटवर्प, लिएज, बर्लिन, टोरिनो. सहा शहरं, सहा लढती, शेवटची 1 जुलैला. आजचा विजेता वर्षाला दोन लढती करतो आणि प्रत्येकीआधी दोन-तीन महिने सरावाचा कॅम्प. रॉबिन्सनच्या पराभवांची बेरीज आजच्या माणसाच्या पराभवांशेजारी लिहिताना हा रकाना उघडा ठेवा.

25 ऑगस्ट

उद्यापासून घरात गणपतीची धावपळ, दहा-बारा दिवस काम बंद. म्हणून जोडी लावून टाकल्या. आतापर्यंत 11 आठवडे, सुमारे 210 तास, खर्च 3,200 रुपये.

हॅगलर-गोलोव्किन. सकाळचं वजन, 15 फेऱ्या : हॅगलर, गुणांवर. 12 फेऱ्या, आदल्या दिवशीचं वजन : तरीही हॅगलर, पण मी दोनच फेऱ्यांचा फरक देतो. गोलोव्किनचा जॅब माझ्या आठवणीत होता त्याहून कितीतरी चांगला आहे. 2017 ला मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझसमोर त्याने 703 टाकून 218 लावले, कॅनेलोने 505 टाकून 169, आणि एका जजने कॅनेलोला 118-110 दिले. हॅगलर डावखुरा उभा राहिला तर तो जॅब पुढच्या हातात अडकतो. बरगडीत मारण्यात गोलोव्किन मागच्या काही वर्षांत कमी पडला, नेमकं तेच हॅगलरसमोर लागलं असतं.

मोन्झॉन-हॉपकिन्स. 15 फेऱ्यांत मोन्झॉन. 12 मध्ये हॉपकिन्स. दोन्ही तक्त्यांत निकाल बदलणारी ही एकच जोड. हॉपकिन्सला लढत संथ करून बिघडवता येते आणि 12 फेऱ्यांत तेवढं पुरतं.

रॉबिन्सन-हॅगलर. सकाळचं वजन असेल तर रॉबिन्सन. आदल्या दिवशीचं असेल तर ही जोड मी लावत नाही. 156 च्या माणसासमोर रात्रीत 170 चा माणूस उभा करायचा आणि त्याला एकच वजनगट म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नाही. रकाना कोरा ठेवलाय.

9 सप्टेंबर

बॅच परत सुरू. दोन्ही पोरांना तक्ता दाखवला. गोलोव्किनवाला गप्प झाला, मग म्हणाला, ‘सर, पण दोनच फेऱ्यांचा फरक आहे ना?’ हो, दोनच. खूश होऊन गेला. धाकट्याने मात्र ‘दिसला नाही’चा रकाना बघून विचारलं की हॅगलरच्या वेळी कॅमेरे जास्त होते, मग रॉबिन्सनचे आकडे खरे कसे धरायचे. त्याला सांगितलं, टक्केवारी काढताना ते ठोसे दोन्हीकडून वजा केलेत. तो स्वतः कागदावर करून बघतोय.

रात्री टर्पिनची दुसरी लढत लावली. 12 सप्टेंबर 1951, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान. दहाव्या फेरीत रॉबिन्सनची डावी भुवई फुटते. रक्त डोळ्यात उतरतंय, लढत केव्हाही थांबवतील. तो टर्पिनला उजव्याने पाडतो. टर्पिन उठतो, दोरीला टेकतो आणि मग एकामागून एक. रेफरीने हात घातला तेव्हा फेरी संपायला आठ सेकंद होते. फेरी घड्याळावर तपासली, बरोबर भरतेय, कात्री लागलेली नाही. दोरीवरचे ते ठोसे अजून मोजायचे आहेत. मामेभाऊ रविवारी येतोय. तो टर्पिनकडे बघेल, मी रॉबिन्सनकडे.